भाड्याची फोर बाय फोर, टपावरचा टेंट आणि न थांबणारा पाऊस

आधीच सांगते, गाडीला पाचपैकी साडेचार, टेंटला तीन, आणि ज्या माणसाने वीस मिनिटांत चावी हातात टेकवून आम्हाला वाटेला लावलं त्याला एक, तोही बिचारा हसतमुख होता म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण डिपॉझिटचं भिजत घोंगडं अजून पडलंय आणि मला त्यात नवीन काडी टाकायची नाहीये. पण भाड्याने अशी गाडी घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितेय, लांब झालंय, सांभाळून घ्या.

तर ताई आणि मी, दोघीही आयुष्यात कधी टेंटमध्ये झोपलो नव्हतो. ताईचा गाडी चालवायचा अनुभव दांडगा पण सगळा डांबरी रस्त्यावरचा, माझा अनुभव शून्य पण व्हिडिओ बघून बघून आत्मविश्वास मात्र भरपूर. पॅकेज तीन रात्रींचं होतं, डिझेल फोर बाय फोर, टपावर घडीचा टेंट, अंथरूण-पांघरूण, गॅसची शेगडी, दोन खुर्च्या, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि एक "रिकव्हरी किट", म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान. दोन दिवस आधी हवामानाचा अंदाज बघितला तर तिन्ही दिवस जोरदार पाऊस, म्हणून फोन करून तारीख बदलता येईल का विचारलं तर म्हणाले आता उशीर झाला, आणि वर "मॅडम गाडी ऑफरोडचीच आहे, पावसातच खरी मजा". आली ना मजा, आता सांगते कशी ती.

हँडओव्हर त्यांच्या कोरड्या शेडमध्ये झाला. त्या मुलाने टेंटच्या कव्हरची चेन उघडली, शिडी ओढली, टेंट पुस्तकासारखा उघडला, चार मिनिटांत तयार, आम्ही दोघी खूश. गिअरच्या बाजूचा छोटा लिव्हर दाखवून म्हणाला रस्त्यावर टू एच (दोनच चाकांना जोर), कच्च्यात फोर एच (चारही चाकांना), अगदीच अडकलात तर फोर एल (चारही, पण हळू आणि जास्त ताकदीने). मी टायरमधल्या हवेचं विचारलं तर "पस्तीस पीएसआय आहे, तशीच राहू द्या". संपलं. मागची दोन्ही चाकं एकत्र जखडायचं, डिफ लॉकचं बटण डॅशबोर्डवर समोर दिसत होतं, त्याबद्दल एक शब्द नाही. मी सवयीने सगळ्या सामानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, टूलबॉक्स उघडून, किटची पिशवी उघडून, ताई मला हसली. हा व्हिडिओ लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

डांबरी रस्ता सोडला आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की ३५ ला टायर म्हणजे चिखलावर साबणाची वडी. वर बोटभर गाळ, खाली कडक जमीन, गाडी पुढे कमी आणि आडवी जास्त जात होती, ताईचे हात स्टीअरिंगवर पांढरे पडलेले. थांबलो. व्हिडिओंत बघितलं होतं की हवा कमी करतात, पण किटमध्ये हवा काढायचं काहीच नव्हतं, म्हणून मी पावसात उकिडवी बसून चावीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबायची आणि दर थोड्या वेळाने कॉम्प्रेसरच्या मीटरवर बघायचं, असं करत चारही चाकं २२ वर आणली. एकेका चाकाला तीन-चार मिनिटं. आणि खरं सांगते, ती दुसरीच गाडी झाली. टायर थोडा पसरतो, जमिनीला लागणारा त्याचा भाग मुख्यतः लांबीला वाढतो, आणि रबर लवचिक झाल्याने खाचांतला चिखल फिरता फिरता बाहेर फेकला जातो, नाहीतर खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. फक्त मग वेग कमी ठेवायचा आणि झटक्यात वळवायचं नाही, कारण कमी हवेत टायर रिमवरून सुटू शकतो आणि वेगात गरमही होतो. एवढी दोन वाक्यं त्या मुलाने सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

गाडीबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. फोर एलमध्ये पहिल्या गिअरला उतारावर ब्रेकला पाय न लावता ती गोगलगायीसारखी उतरते, इंजिनच तिला धरून ठेवतं. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते हे आम्ही एकदा करून बघितलं, परत नाही केलं. आणखी एक, स्टीअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, बाहेरच ठेवायचे. चाक दगडावर आदळलं की स्टीअरिंग असा हिसका देतं की ताईचा अंगठा दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत होता.

दुपारी रुतलो. ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखे दोन खोल चर होते, मध्ये उंचवटा, आणि ताईने घाबरून थांबवली आणि मग घाबरूनच ॲक्सिलरेटर दाबला, तो दाबतच राहिली. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक गरगर फिरतंय, उरलेली दोन ढिम्म, गाडी मात्र हळूहळू खाली, शेवटी पोट जमिनीला टेकलं. मी ओरडतेय "अगं सोड, सोड पाय", तिला पावसात ऐकू येत नाही. फोर बाय फोर असून दोनच चाकं का फिरतात हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल वाचलं. साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी यंत्रणा, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, म्हणजे ज्या चाकाला पकड नाही ते जेवढा जोर घेईल तेवढाच दुसऱ्याला मिळतो, मग एक फुकट फिरतं आणि दुसरं बसून राहतं. त्यासाठीच मागच्या डिफला लॉक असतो. ते बटण ताईने चार वेळा दाबलं होतं, दिवा लुकलुकायचा पण लागायचा नाही, कारण या गाडीत लॉक फक्त फोर एलमध्येच लागतो आणि आम्ही फोर एचमध्ये होतो! मॅन्युअलमध्ये अर्ध्या पानाची माहिती आहे, आम्ही ती गुडघाभर चिखलात उभं राहून वाचली.

मग किटमधल्या प्लास्टिकच्या फळ्या, चाकाखाली घालायच्या. पहिल्यांदा आम्ही नुसत्या चाकापुढे ठेवल्या, चाक त्यांच्यावर चढलंच नाही, जागेवर फिरलं आणि रबर जळाल्यासारखा वास आला, बघितलं तर फळीवरचे दाते वितळून सपाट. ही आमची चूक, त्याचे पैसे कापले ते मान्य आहे. आधी फावड्याने चाकापुढची माती उतार करून काढायची, पोटाखालचीही मोकळी करायची, फळी चाकाच्या अगदी खाली खुपसायची, आणि मग हलक्या पायाने. फावडं मात्र किटमध्ये हातभर लांबीचं दिलंय, त्याने गाडीखाली पोचायला पालथं झोपावं लागतं. मी झोपले. तो शर्ट फेकून दिला.

खोदकाम चालू असतानाच मागून दुसरी गाडी आली, एक वयस्कर काका एकटेच होते, ते उतरले आणि काही न बोलता आधी आमच्या किटमधला पट्टा हातात घेऊन त्याचं लेबल वाचलं. मी तोपर्यंत माझ्या अकलेने पट्ट्याचं एक टोक आमच्या बंपरखालच्या पातळ कडीत अडकवलं होतं आणि दुसरं त्यांच्या गाडीच्या मागच्या टो बॉलवर टाकायला निघाले होते. काका एकदम जोरात म्हणाले, "पोरी, तिथे अजिबात नाही." मग शांतपणे समजावलं की ती पातळ कडी गाडी ट्रकवर बांधून न्यायची असते, ओढायची नाही, आणि टो बॉल ट्रेलरचा भार घ्यायला असतो, रुतलेल्या गाडीच्या ताणाने तो तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो, अशाने माणसं मेलेली आहेत. आमच्या गाडीला चासीला बोल्ट केलेला जाड लाल हुक होता, तोच यासाठी असतो, आम्ही त्याच्यावर चिखल लागल्याने बघितलाच नव्हता.

आणि पट्ट्याचं म्हणाल तर कंपनीच्या यादीत "रिकव्हरी रोप" लिहिलंय, लेबलवर पॉलिएस्टर. काकांनी सांगितलं पॉलिएस्टर फारसा ताणला जात नाही, तो हळू ओढायला चांगला, झटका देऊन गाडी काढायची तर ताणणारा नायलॉनचा दोर लागतो, तो रबरबँडसारखा ताणून ताकद साठवतो आणि हिसका मऊ करतो. पॉलिएस्टरने झटका मारला तर काहीतरी तुटणारच. म्हणून त्यांनी पट्टा आधी अगदी हळू ताठ केला, मधोमध ओली गोधडी टाकली म्हणजे तुटलाच तर कमी उडेल, मला पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर बाजूला पिटाळलं, ताईला फोर एल, लॉक चालू, पहिला गिअर, आणि दोन्ही गाड्या एकदमच हलल्या. फच्च असा आवाज करत गाडी बाहेर! ताई स्टीअरिंगवर डोकं टेकून दोन मिनिटं तशीच बसली होती.

आता टेंट. आम्हाला ओढ्याकाठची सपाट हिरवळ आवडली होती, काकांनी जाताना नकारार्थी मान हलवली आणि वरची उघडी जागा दाखवली, वाळक्या फांद्यांची झाडं टाळून. तेव्हा जरा नाराजच झालो होतो. पावसात टेंट उघडायला चार नाही अठरा मिनिटं लागली, कव्हरची चेन चिखलाच्या कणांनी अडकते आणि कव्हरच्या खळग्यात साचलेलं पाणी उघडताना नेमकं उघडणाऱ्याच्या बाहीत जातं. पण एकदा उघडला की जमिनीपासून वर, खाली चिखल वाहतोय आणि आपण कोरडे, हे सुख आहे. गादी जाड आहे, दोघींना ऐसपैस. शिडीजवळ बूट ठेवायची टांगती पिशवी आहे ती आम्हाला दिसलीच नाही, बूट खाली ठेवले, सकाळी दोन्हीत पाणी. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावली होती, तरी फ्लायशीट, म्हणजे टेंटवरचं पाऊस अडवणारं कापड, रात्रभर फटफट वाजत होती, शिवाय टपावर असल्याने वारा आला की अख्खी गाडी स्प्रिंगवर डुलते, बोटीत झोपल्यासारखं.

रात्री एकच्या सुमाराला माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. मला वाटलं टेंट गळतोय आणि मनातल्या मनात मी हा रिव्ह्यू लिहायलाही घेतला, पण बॅटरी लावून बघितलं तर आतल्या सगळ्या कापडाला बारीक घाम फुटलेला. पाऊस आत येऊ नये म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या होत्या, आणि दोन माणसं रात्रभर श्वासातून बरंच पाणी बाहेर टाकतात, ते गार कापडाला लागून थेंब होतात. दोन्ही बाजूंच्या खिडक्या वरून चार-चार बोटं उघडल्यावर तासाभरात फरक पडला. खरी गळती एकच होती, शिडीकडच्या दाराच्या कोपऱ्यात जिथे दोन शिवणी मिळतात तिथे पाणी अडवायला वरून चिकटवलेली टेप सुटलेली, आणि ते कंपनीचं काम आहे, प्रत्येक ट्रिपनंतर शिवणी बघायला नकोत? गादीच्या खालच्या बाजूलाही ओल धरली होती, टेंटच्या तळाची फळी गार आणि वर गरम अंग, म्हणून गादीखाली हवा खेळायला जाळीची चटई घालतात, ती या पॅकेजमध्ये नाही. तीन स्टार त्यामुळेच.

आणि मग विजा. उजेड आणि आवाज यातले सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. पहिल्यांदा मोजलं तेव्हा पंचवीस, मग अठरा, मग अकरा. मी ताईला हलवलं, "अगं ऊठ, खाली गाडीत जाऊया", ती म्हणे "इथे काय होतंय, गाडीवरच तर आहोत". वर आहोत हाच तर घोळ आहे! टेंट म्हणजे कापड आणि ॲल्युमिनियमचे दांडे, विजेपासून त्याचं काही संरक्षण नाही, उलट आपण सगळ्यात उंच. गाडीच्या आत, काचा बंद करून बसलं तर पत्र्याचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतो. रबरी टायरमुळे वाचतो हा समज चुकीचा आहे, वाचवतो तो पत्रा. तर पहाटे दोन वाजता, पावसात, अनवाणी, शिडीवरून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत आत थांबायचं असतं, आमचा अर्धा तास सारखा नव्याने सुरू होत होता, शेवटी सीटवरच झोपलो. मान अजून धरलेली आहे. थंडीने ताई म्हणाली शेगडी आतच पेटवू जरा, तेवढं मात्र मी तिला करू दिलं नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो.

सकाळी वरून बघितलं तर आमची ती आवडती हिरवळ गायब, तिथे ओढा होता. दोघींनी एकमेकींकडे बघितलं फक्त. आणि इथे टपावरच्या टेंटचा मोठा तोटा कळतो, जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. गाडी हलवायची तर आधी टेंट मिटायलाच हवा. ओला टेंट मिटायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, कापड जड झालेलं, कव्हर चढत नाही, पट्टे हातातून निसटतात. रात्री काठावर असतो आणि पाणी चढलं असतं तर ती चाळीस मिनिटं कुठून आणली असती? जमिनीवरचा टेंट निदान टाकून तरी पळता येतं.

परतीच्या वाटेवर तोच ओढा आडवा. आदल्या दिवशी घोट्याएवढा होता, आता तपकिरी, खळखळाट करणारा, तळ दिसत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात ७० सेंटीमीटर पाण्यातून जाते असं लिहिलंय, ताई म्हणे हे तर गुडघ्याएवढंही नसेल, जाऊ. पण तो आकडा गाडीच्या यंत्रांत पाणी कुठवर शिरत नाही त्याचा आहे, वाहत्या पाण्याचा रेटा त्यात धरलेला नसतो. साधारण ३० सेंटीमीटर खोल, जोरात वाहणाऱ्या पाण्याने लहान गाड्या वाहून जाऊ शकतात आणि ६० ला बहुतेक मोठ्या गाड्याही. जिथून पायी जायची हिंमत होत नाही तिथून गाडी घालायची नाही, एवढा एकच नियम मला पाठ होता. काठाला एक काटकी खोचली. अर्ध्या तासात ती चार बोटं बुडाली. मग खुर्च्या काढल्या आणि बसलो, छत्री धरून, बिस्किटं खात, पाच तास. पाऊस दुपारी थांबला, काटकी परत दिसायला लागली, पाणी उतरलं तसा तळही दिसायला लागला, ताई काठी घेऊन पायी पलीकडे जाऊन आली आणि मगच फोर एल, दुसरा गिअर, माणसाच्या चालीने, मध्ये गिअर न बदलता पार केला. पुढे छोटी लाट तयार होते तिच्या मागे मागे जायचं, घाई केली तर पाणी बॉनेटवर येतं आणि इंजिनाने पाणी ओढलं की खेळ खल्लास, पाणी दाबलं जात नाही, आतले रॉड वाकतात. बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं चालवायचं म्हणजे ते सुकतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, धस्स होतं.

तिसरी रात्र आम्ही सोडून दिली.

डांबरी रस्त्यावर आलो, ताई फोर एच काढायला विसरली, आणि पेट्रोल पंपावर वळवताना गाडी अशी हिसके द्यायला लागली जणू कुणी ब्रेक धरलाय. मला वाटलं काहीतरी मोडलं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, आणि या प्रकारच्या गाडीत फोर एचमध्ये पुढचं-मागचं जखडलेलं असतं, चिखलात चाक घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर सुटत नाही. असंच चालवत राहिलं तर यंत्रणा खराब होते. हेही सांगायची गोष्ट होती, नाही का. टू एचमध्ये घेतली, थोडी मागे घेतली, ताण सुटला, ठीक झाली.

कॉम्प्रेसरचं राहिलंच. हवा पंपावर भरायची वेळ का आली, तर चिखलातून बाहेर पडताच कॉम्प्रेसर सॉकेटला लावला आणि पहिल्याच टायरला फ्यूज उडाला, कॉम्प्रेसरवर लिहिलंय १५ अँपिअर आणि त्या सॉकेटचा फ्यूज १० चा. त्यात मोठा फ्यूज घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळेल. बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर मागून घ्या, नाहीतर आमच्यासारखं २२ च्या टायरवर सायकलच्या वेगाने पंपापर्यंत जावं लागतं आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतात.

परत दिली तेव्हा दुसराच माणूस होता, हसतमुख वगैरे नाही. फळ्यांचे वितळलेले दाते, बरोबर, आमची चूक. मग "टेंट ओला परत दिला" म्हणून वाळवायचे पैसे, नियमात आहे म्हणे कोरडाच द्यायचा. अहो दादा, बाहेर बघा की जरा! ओला टेंट एक-दोन दिवसात बुरशी धरतो हे मलाही कळतं, पण तारीख तुम्हीच बदलून दिली नाहीत ना. सुटलेल्या टेपबद्दल सांगितलं तर "आम्ही चेक करू". आणि शेवटी टूलबॉक्स उघडून म्हणाला, जॅकचं हँडल नाहीये, त्याचे पैसे लागतील. मी मोबाईल काढला, हँडओव्हरचा व्हिडिओ लावला, टूलबॉक्स उघडा, जॅक आहे, हँडलची जागा रिकामी, मागून तो हसतमुख मुलगा शीळ वाजवतोय. हँडलचे पैसे वगळले. म्हणजे तीन दिवस आम्ही अशा गाडीत फिरलो जिचं चाक पंक्चर झालं असतं तर बदलता आलं नसतं, याबद्दल सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही.

वाळवायच्या पैशांवरून मेल चालू आहेत, उत्तर आलं की इथेच खाली टाकते.